वाय-फाय चिप बूटनंतर दिसत नाही
प्रश्न : आमच्या लिनक्स बोर्डवर ब्रॉडकॉमची एसडीआयओ वाय-फाय चिप आहे. ड्रायव्हर लोड होतो, पण चिप सापडत नाही. पिनांची माहिती कुठे द्यायची?

उत्तर : ड्रायव्हरच्या कोडला हात लावू नका, पिना डिव्हाइस ट्रीमध्ये लिहायच्या. ‘डब्ल्यूएल-रेग-ऑन’ पिन हाय असेल तरच चिप सुरू होते. ती ‘एमएमसी-पीडब्ल्यूआरसेक-सिंपल’ प्रकारच्या नोडमध्ये ‘रीसेट-जीपीआयओज’ म्हणून द्या आणि ‘अ‍ॅक्टिव्ह लो’ लिहा. गफलत बहुधा इथेच होते. ‘अ‍ॅक्टिव्ह हाय’ लिहिलंत, तर रीसेट सोडताना कर्नल पिन लो करतो आणि चिप बंदच राहते. हा नोड एमएमसी होस्टच्या नोडला जोडा. तिथे ‘नॉन-रिमूव्हेबल’ही हवं. ‘होस्ट-वेक’ पिन मात्र चिपच्या स्वतःच्या नोडमध्ये, इंटरप्ट म्हणून द्या.