जुन्या गाड्या, तीन दिवस आणि एक सत्कार्य : सामूहिक मोटार-सहलीची आखणी

मदतनिधीसाठी गाण्याचे कार्यक्रम, चालण्या-धावण्याचे उपक्रम आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. आयर्लंडमध्ये त्याच्या जोडीला आणखी एक रुळलेली पद्धत आहे : जुन्या मोटारी घेऊन दोन-तीन दिवसांची सहल काढायची आणि त्यानिमित्तानं देणग्या गोळा करायच्या. आपल्या सभासदांनीही असा बेत करावा, असं बोलणं अधूनमधून निघतं. म्हणून त्याची आखणी कशी करावी, हे आम्ही इथे थोडक्यात मांडत आहोत. सूत्र एकच आहे : बेत सगळ्यात वेगवान गाडीचा नसतो, सगळ्यात हळू गाडीचा असतो.

१९०३ चा धडा

या विषयाचा उत्तम वस्तुपाठ आयर्लंडमध्येच आहे. २ जुलै १९०३ रोजी किल्डेअर, लीश आणि कार्लो या काउंटींतल्या रस्त्यांवर गॉर्डन बेनेट चषकाची मोटार शर्यत झाली. ब्रिटनमधल्या सार्वजनिक रस्त्यांवर शर्यतीला बंदी होती, म्हणून आयर्लंडपुरता खास कायदा करावा लागला. त्याआधी साडेपाच आठवड्यांपूर्वीच, २४ मे रोजी, पॅरिस-माद्रिद शर्यतीत चालक आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते आणि फ्रेंच सरकारनं ती शर्यत बोर्डोलाच थांबवली होती. साहजिकच आयर्लंडच्या आयोजकांवर सगळ्यांचं लक्ष होतं.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. चार देशांच्या बारा गाड्या एकदम न सोडता सात-सात मिनिटांच्या अंतरानं सोडल्या. आणि प्रत्येक गावात 'नियंत्रण क्षेत्र' ठेवलं. तिथे गाडीच्या पुढे सायकलस्वार चालायचा आणि गाडीनं त्याच्या मागून जायचं! सुमारे ३२८ मैलांची ती शर्यत बेल्जियमच्या कामीय जेनात्झी यांनी मर्सिडीज गाडीतून जिंकली. आपल्याला शर्यत करायची नाही, पण सुटण्यातलं अंतर आणि गावातली संथ चाल हे दोन्ही नियम आजही जसेच्या तसे उपयोगी आहेत.

ताफा नको, तुकड्या हव्यात

दहा गाड्या एकामागोमाग ओळीनं जाताना फोटोत छान दिसतात. रस्त्यावर मात्र त्या धोका वाढवतात. हिशेब करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाताना दोन सेकंदांचं अंतर म्हणजे साधारण ३३ मीटर. दहा गाड्या आणि मधली नऊ अंतरं धरली, तर ओळ जवळजवळ ३४० मीटर लांब होते. मागून ताशी ८० नं येणाऱ्या माणसाला ही ओळ ओलांडायला एक मिनिट लागेल आणि समोरचा रस्ता सव्वा ते दीड किलोमीटर मोकळा हवा. आयर्लंडच्या वळणावळणाच्या रस्त्यावर तो कुठून मिळणार? मग कुणीतरी कंटाळून मध्येच घुसतं. पावसात अंतर दुप्पट ठेवायचं म्हटलं, तर ओळ आणखी लांबते.

तीन गाड्यांची तुकडी केली, तर हीच लांबी सुमारे ८० मीटर होते आणि ओलांडायला पंधरा सेकंद पुरतात. म्हणून तीन-तीनच्या तुकड्या कराव्यात आणि त्या सात मिनिटांनी सोडाव्यात. प्रत्येक तुकडीत एक गाडीची माहिती असलेला आणि एक नकाशा सांभाळणारा असावा. सगळ्यात हळू गाडी पहिल्या तुकडीत ठेवावी. शेवटी एक आधुनिक गाडी असावी, तिच्यात हत्यारं, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी.

पंढरीच्या वारीत हेच असतं. दिंड्यांना क्रमांक असतात आणि मुक्काम आधीच ठरलेले असतात. वाटेत कोण किती पुढे आहे याची कुणी चिंता करत नाही, भेट मुक्कामाला होते. तसंच इथेही 'पुढच्या चहाला भेटू' एवढं पुरतं. चालत्या गाडीतून फोन करून एकमेकांना शोधू नये.

तीन दिवसांचा नमुना

जुन्या गाडीचा सरासरी वेग, छोटे थांबे धरून, ताशी ४५ किलोमीटर समजावा आणि दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये.

पहिला दिवस : गॉर्डन बेनेट मार्ग. इंग्रजी आठाच्या आकाराचे हे दोन फेरे ५२ आणि ४० मैलांचे, म्हणजे मिळून सुमारे १४८ किलोमीटर. किलकलन, किल्डेअर, मोनॅस्टरेव्हन, स्ट्रॅडबॅली, अथाय, कॅसलडर्मट, कार्लो ही वाटेतली गावं. मुक्काम कार्लोला.

दुसरा दिवस : कार्लो, किलकेनी, कॅशेल, कॉर्क. सुमारे २०० किलोमीटर. जेवण कॅशेलला, किल्ल्यासारख्या त्या खडकाच्या पायथ्याशी.

तिसरा दिवस : कॉर्कहून बॅलिनास्कार्थी आणि परत. हेन्री फोर्ड यांचे वडील याच गावाकडचे. गावात पोलादी मॉडेल टी उभी आहे. फोर्डनी कॉर्कमध्ये १९१७ साली कारखान्याला सुरुवात केली, तो १९८४ साली बंद झाला. अंतर कमी आहे ते मुद्दाम. मागे पडलेल्या गाडीला हा दिवस उसंत देतो. डब्लिनकरांनी घरी परतायला चौथा दिवस हाताशी ठेवावा.

सहल मे ते ऑगस्टमध्ये करावी. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि जुन्या सहा व्होल्टच्या दिव्यांवर रात्री गाडी चालवण्यात काही मजा नाही.

गाडीची तयारी

चाळीस वर्षांवरच्या गाडीला आयर्लंडमध्ये एनसीटी तपासणीतून सूट आहे. सूट म्हणजे गाडी ठीक आहे असा दाखला नव्हे. उलट, ब्रेक कुणीच पाहिलेले नाहीत असा तिचा अर्थ होऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर मेकॅनिककडून तपासून घ्यावेत. टायरची नक्षी शाबूत असली तरी त्याचं वय पाहावं, कारण रबर वापराविनाही जुनं होतं.

पेट्रोलकडेही लक्ष हवं. शिसं असलेलं पेट्रोल २००० सालापासून बंद आहे आणि २०२३ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यानं जुन्या रबरी नळ्या खराब होतात, तेव्हा त्या बदलून घ्याव्यात. फॅन बेल्ट, प्लग, पॉइंट्स, कंडेन्सर, फ्यूज, रेडिएटरची नळी आणि ओढायचा दोर सोबत असू द्यावा. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या फियाट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. नियम तोच : काटा चढू लागला की थांबा, इंजिन गार होऊ द्या आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. उतारावर नुसत्या ब्रेकवर न राहता खालचा गिअर टाका.

कागद आणि माणसं

क्लासिक विम्यात बहुधा वर्षाच्या अंतराची मर्यादा असते. मदतनिधीची सहल चालेल का, हे विमा कंपनीला लेखी विचारावं. पैसे घेऊन प्रवासी बसवणं साध्या विम्यात सहसा बसत नाही. म्हणून 'इतकी देणगी द्या आणि गाडीत बसा' अशी जाहिरात करू नये. लहान मुलांचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा. सीटबेल्ट नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला नेता येत नाही. आमचं मत असं, की सगळीच मुलं मागच्या आधुनिक गाडीत बसवावीत. फोटोसाठी जुन्या गाडीत बसणं थांब्यावरही होतं.

फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांवर सर्वसाधारण मर्यादा ताशी ६० आहे, हेही चालकांना सांगावं. कितीतरी जुन्या गाड्यांचा काटा मैलांत असतो. ६० किलोमीटर म्हणजे सुमारे ३७ मैल, अशी चिठ्ठी काट्याशेजारी चिकटवावी.

देणगी पूर्ण पोचली पाहिजे

एक दंडक पाळावा : पेट्रोल, खोली, जेवण ज्याचं त्यानं करावं. देणगीतला एक सेंटही सहलीवर खर्च होऊ नये. सहल हौसेची असते, देणगी विश्वासाची. दोन्ही हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत आणि शेवटी छापून सर्वांना द्यावेत. रस्त्यावर डबा फिरवायचा असेल, तर १९६२ च्या कायद्यानुसार गार्डाच्या चीफ सुपरिंटेंडेंटचा परवाना लागतो. ज्या संस्थेला पैसे द्यायचे, ती चॅरिटीज रेग्युलेटरच्या नोंदवहीत आहे ना, हेही पाहावं.

देणगीदारांनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. करखात्यानं मान्यता दिलेल्या संस्थेला एका व्यक्तीनं वर्षात २५० युरो किंवा अधिक दिले, तर एक अर्ज भरून दिल्यावर संस्थेला ३१ टक्के दरानं कर परत मागता येतो. तुमच्या २५० युरोंवर संस्थेच्या हाती आणखी ११२ युरो येऊ शकतात. दोघांनी सव्वाशे-सव्वाशे देण्यापेक्षा एकाच्या नावानं २५० देणं म्हणूनच फायद्याचं ठरतं.

तेव्हा गाडी असणाऱ्यांनी गाडी काढावी, नसणाऱ्यांनी नकाशा किंवा हिशेबाची वही हातात घ्यावी. काम सगळ्यांना पुरेल एवढं आहे. घाई कुणालाच नाही, जुन्या गाडीला तर मुळीच नाही.