जहाजाचे भांडवल आणि मागाचे गणित

कापड बाजारातले जुने लोक नव्या माणसाला एक गोष्ट बजावून सांगतात. सूत नव्वद दिवसांच्या उधारीवर घ्यावे, माग घेऊ नये. सुताचे कापड होऊन विकले जाते व उधारी फिटते. मागाची किंमत मात्र कित्येक वर्षांच्या कमाईतून वसूल होते. मुदत चुकली की चालता माग असूनही दिवाळे निघते.

जहाजाचे गणित हेच आहे. मोठे जहाज बांधायला दोन-तीन वर्षे लागतात, ते वीस-पंचवीस वर्षे चालते. पोलाद, इंजिन व मजुरीचा पैसा आधी जातो, भाडे नंतर येते. म्हणून त्याला लांब मुदतीचे भांडवल लागते.

आपल्या देशाने हे ओळखले होते. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्याने जहाज विकास निधी निर्माण झाला. त्यातून कंपन्यांना सवलतीची कर्जे मिळत. 1980 च्या दशकात जगभर भाडे कोसळले, कर्जे थकली आणि 1986 च्या कायद्याने निधीची समिती मोडीत निघाली. कारण उघड आहे. भागीदार नफ्यात व नुकसानीत दोन्हीकडे सोबत असतो, कर्जाचा हप्ता मंदीतही चुकत नाही.

दक्षिण कोरियाने वेगळा धडा दिला. 1972 साली ह्युंदाईने उल्सान येथे गोदी उभारायला घेतली. ब्रिटनमधून कर्ज हवे होते, पण तेथील हमी देणाऱ्या सरकारी खात्याने आधी गिऱ्हाईक दाखवा, असे सांगितले. एका ग्रीक मालकाने दोन तेलवाहू जहाजांची ऑर्डर दिली, तेव्हा कर्जाचा मार्ग मोकळा झाला.

24 सप्टेंबर 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 69,725 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत 25,000 कोटींचा सागरी विकास निधी आहे. पैकी 20,000 कोटी गुंतवणुकीसाठी असून त्यात सरकारचा वाटा 49 टक्के आहे. उरलेले 5,000 कोटी व्याजात सवलत देण्यासाठी आहेत. हे भांडवल गिऱ्हाईक पाहून दिले जाते का आणि मंदीत ते तग धरते का, यावर सारे अवलंबून राहील.

आम्हा कापडवाल्यांचा यात काय संबंध? 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपचे भाडे भडकले. माल आमचा, पण भाडे ठरविणारे दुसरेच.

गोदीला वेल्डर, फिटर, सुतार, रंगारी अशा कारागिरांची गरज असते. आमच्या कारागीर बांधवांनी हे काम जरूर घ्यावे, पण आधी उद्यम नोंदणी करावी. 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे व सेवा देणाऱ्याचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत मिळाले पाहिजे. करारात ही मुदत लिहून घ्यावी. जहाजाला लांब मुदतीचा पैसा हवा हे खरे, पण तो गरीब कारागिराच्या थकलेल्या बिलातून उभा राहू नये.