छपराचा कठडा : शेतातील व घरातील विषाविषयी एक पाठ

शास्त्रभाग : अनुवाद २२:८, २ राजे ४:३८-४१.
मुख्य विचार : ज्या वस्तूपासून शेजाऱ्याच्या जिवास अपाय होण्याचा संभव आहे, तिच्याभोवती कठडा बांधणे हे देवाच्या लोकांचे कर्तव्य होय.



नवे घर बांधणाऱ्या इस्राएली मनुष्याला नियमशास्त्रात एक लहानशी आज्ञा दिली आहे. घराच्या धाब्याला त्याने कठडा करावा. नाही तर कोणी तेथून पडेल आणि त्या रक्ताचा दोष घरावर येईल. त्या काळी लोक धाब्यावर बसत, निजत, धान्य वाळवीत. धाबे ही वाईट वस्तू नव्हे, ती उपयोगाची वस्तू आहे. परंतु कठड्यावाचून तेच धाबे मरणाचे ठिकाण होते. येथे हेही ध्यानात घ्यावे की, पडणाऱ्याला घरधन्याने ढकलले असे शास्त्र म्हणत नाही. त्याने केवळ कठडा बांधला नाही, एवढ्यानेच दोष लागतो.

ह्या आठवड्याच्या पाठात ही आज्ञा आपण आपल्या शेतातील फवारणीच्या डब्याला व घरातील फडताळाला लावून पाहणार आहोत.

१. आपण त्याला काय म्हणतो?

आपल्या मराठवाड्यात कपाशीवर वा भाजीवर मारावयाच्या द्रवाला सर्व लोक 'औषध' म्हणतात. "आज औषध मारायचे आहे," असे म्हणून गडी सकाळी पंप पाठीवर घेतो. औषध ह्या शब्दाने मनाला धीर येतो. कारण औषध हे आईने लेकराला पाजावयाची वस्तू आहे. परंतु किड्याला मारणारे हे द्रव्य मनुष्याच्या रक्तात गेले असता तेथेही विषाचेच काम करते. कडूला गोड म्हणणाऱ्यांविषयी यशया संदेष्ट्याने हळहळ व्यक्त केली आहे. आपणही विषाला औषध म्हणून बेसावध झालो आहो. यास्तव ह्या पाठात आपण त्याला विष असेच म्हणू.

२. यवतमाळ जिल्ह्याचा धडा

सन २०१७ च्या पावसाळ्यात व त्यापुढील महिन्यांत विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते पुष्कळांच्या स्मरणात असेल. कपाशीवर विष फवारणारे वीसांहून अधिक शेतकरी व मजूर तेथे मरण पावले, आणि आठशेंहून अधिक लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कित्येकांची दृष्टी मंदावली. त्यांपैकी हे विष कोणी प्याले नव्हते. नेहमीप्रमाणे पंप पाठीवर घेऊन ते कामास गेले होते, एवढेच.

मग असे का झाले? त्या वर्षी कपाशी पुरुषभर उंच व दाट वाढली होती. म्हणून फवाऱ्याचे तुषार पायांपाशी न पडता तोंडावर व छातीवर पडत होते. गुलाबी बोंडअळी व रसशोषक किडी ह्यांच्या भीतीने फवारण्या वाढल्या. दोनतीन विषे एकाच पंपात मिसळण्यात आली. बॅटरीच्या पंपाचे तुषार अधिक बारीक असतात व ते श्वासाबरोबर सहज आत जातात. हवा उष्ण व दमट असल्यामुळे अंगावर कपडे थोडे, आणि हातमोजे व तोंडावरील मुखपट्टी बहुतेकांजवळ नव्हतीच. शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले आणि पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांत पाच प्रकारच्या विषांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली.

मरण पावलेल्यांत कित्येक जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने काम करणारे होते. ज्याला विषाचे नाव वाचता येत नाही, ज्याने ते विकत आणले नाही, ज्याला त्या पिकाचा भाव मिळावयाचा नाही, त्याच्याच अंगावर ते पडले. कठड्याची आज्ञा अशाच मनुष्यासाठी आहे.

३. विष कोणत्या वाटांनी आत शिरते

पुष्कळांची अशी समजूत आहे की, तोंडावाटे गेले तरच विष बाधते. ही समजूत घातक आहे. विषाला तीन दारे आहेत : तोंड, नाक व कातडी. फवारणी करणाऱ्याच्या अंगात बहुधा कातडीच्या दाराने सर्वांत अधिक विष जाते. कपाळ, मान, काखा व जांघा येथील कातडी हाताच्या कातडीपेक्षा विष लवकर शोषून घेते. घामाने भिजलेली किंवा ओरखडलेली कातडी तर त्याहूनही लवकर. पाठीवरील पंप गळत असेल, तर भिजलेला सदरा दिवसभर अंगाला विषाची पट्टी बांधल्यासारखा राहतो.

आत गेल्यावर ते काय करते? मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ह्या जातीची विषे मज्जातंतूंवर घाला घालतात. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो, व निरोप पोचताच तो थांबविणारे एक द्रव्य शरीरात देवाने ठेविले आहे. गाडीच्या बैलाला जसा कासरा, तसे ते द्रव्य. हे विष तो कासराच तोडते. मग निरोप थांबत नाही : घाम सुटतो, तोंडाला लाळ व डोळ्यांना पाणी येते, बाहुल्या बारीक होऊन अंधुक दिसते, पोटात कळा येतात, उलट्या होतात, स्नायू फडफडतात, आणि शेवटी श्वास कोंडतो.

४. हळूहळू भरणारा घडा

यवतमाळचे मरण एकाएकी आले म्हणून वर्तमानपत्रांत छापले गेले. परंतु दररोज थोडे थोडे जाणारे विष गाजावाजा करीत नाही. फवारणीच्या दिवशी डोके दुखते, मळमळते. मनुष्य म्हणतो, ऊन लागले. दुसऱ्या दिवशी बरे वाटते व तो पुन्हा जातो. वर सांगितलेले कासऱ्याचे द्रव्य शरीरात पुन्हा भरून येण्यास दिवस नव्हे, आठवडे लागतात. ते भरण्यापूर्वीच दुसरी फवारणी झाली, तर आदल्या वेळी सोसलेली मात्रा ह्या वेळी सोसवत नाही.

वर्षानुवर्षांचा परिणाम याहून गंभीर आहे. शेतीच्या विषांत दीर्घकाळ वावरणाऱ्यांना हातपाय कापण्याचा पार्किन्सन नावाचा विकार अधिक प्रमाणात होतो, असे अनेक देशांतील संशोधनांत आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सन २०१५ मध्ये मॅलॅथिऑन, डायझिनॉन व तणनाशक ग्लायफोसेट ही मनुष्यास कर्करोग होण्याचे संभाव्य कारण म्हणून नोंदली. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून वर्षानुवर्षे एंडोसल्फान फवारले गेले. तेथील मुलांची दुखणी व व्यंगे पाहून लोकांनी दीर्घ लढा दिला, आणि सन २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या विषाची विक्री व वापर बंद केला.

लेकरांना धोका अधिक असतो. अंगाच्या वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा अधिक हवा घेतात, जमिनीवर रांगतात आणि हात तोंडात घालतात. बाप संध्याकाळी त्याच सदऱ्याने लेकराला उचलून घेतो. आई तोच सदरा लेकरांच्या कपड्यांत मिसळून धुते. ज्यांनी शेत पाहिलेही नाही त्यांच्यापर्यंत विष अशा रीतीने पोचते.

५. पात्रातील मरण

दुष्काळाच्या दिवसांत गिलगाल येथे अलीशा संदेष्ट्याने शिष्यांसाठी भांडे चढविण्यास सांगितले. एकाने रानातून अनोळखी वेलीची फळे आणून, ती काय आहेत हे न जाणता, चिरून भांड्यात टाकली. खाणाऱ्यांनी चव घेताच ओरडून सांगितले की, ह्या पात्रात मरण आहे. त्या मनुष्याच्या मनात कपट नव्हते. त्याला ठाऊक नव्हते, एवढेच. परंतु अज्ञानाने टाकलेले विषही विषच असते.

अशीच गोष्ट आपल्या देशात १६ जुलै २०१३ रोजी बिहारातील सारण जिल्ह्यात घडली. गंडामन गावच्या शाळेत दुपारच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे विष मिसळले गेले होते. जेवून २३ लेकरे मरण पावली. गिलगालच्या शिष्यांनी ओरड केली व ते वाचले. ही लेकरे मात्र वाचली नाहीत. बंधूंनो, तुमच्या घरी विषाचा रिकामा डबा धुऊन त्यात तेल, मीठ किंवा पाणी ठेविले आहे काय? हा पाठ वाचून संपण्यापूर्वी उठून पाहा.

६. उस्मानपुऱ्यातील घरही मोकळे नाही

छत्रपती संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यासारख्या वस्तीत राहणारा बंधू म्हणेल, "हा पाठ खेड्यातल्या लोकांसाठी आहे, माझ्या घरी ना पंप, ना कपाशी." त्यानेही आपले घर तपासावे. रात्री दारे-खिडक्या लावून जाळावयाची डासांची उदबत्ती पाहा. एका उदबत्तीच्या धुरातील सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असे सन २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोजून दाखविले आहे. मच्छरदाणीत असे काही नाही. कपड्यांत ठेवावयाच्या डांबरगोळ्या काही तान्ह्या मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. बाळाची दुपटी त्यांजपासून दूर असावीत. गव्हात ठेवावयाच्या विषारी गोळ्यांना दमट हवा लागताच फॉस्फिन नावाचा वायू सुटतो; त्यावर उतारा नाही. माणसे निजतात त्या खोलीत त्या कदापि ठेवू नयेत. धान्य उन्हात कडक वाळवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कणगीत भरणे ही आपल्या आजीची रीत अधिक सुरक्षित आहे.

आणि भाजी? ती गावच्या शेतातूनच शहराच्या बाजारात येते. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस मारण्यास सन २००५ पासून मनाई आहे. तरी जो शेतकरी आज फवारून उद्या तोडतो, तो आपल्या शहरी भावाच्या पात्रात विष टाकतो. फवारणी व तोडणी ह्यांमध्ये किती दिवस जावे, हे डब्यावरील कागदावर छापलेले असते. घेणाराने भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवावी. त्याने वरचे विष पुष्कळ जाते, पण झाडाच्या रसात शिरलेले जात नाही. म्हणून खरा कठडा शेतातच बांधला पाहिजे.

७. कठडा कसा बांधावा

पहिले, विष कमी लागेल असे करावे. ५ टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळे आणि हंगाम संपताच पऱ्हाटी उपटून शेत मोकळे करणे, ह्या उपायांनी फवारण्या कमी होतात.

दुसरे, डब्यावरील त्रिकोण पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. परंतु हिरवा म्हणजे निर्दोष असे मुळीच नव्हे.

तिसरे, दोन विषे मनाने मिसळू नयेत. मिसळताना काठी वापरावी, हात घालू नये. पंपाची तोटी तुंबली तर तोंडाने फुंकू नये. वाऱ्याकडे पाठ करून, सकाळी वा संध्याकाळी फवारावे.

चौथे, लांब बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, बूट, चष्मा व मुखपट्टी वापरावी. काम चालू असता तंबाखू मळू नये, विडी ओढू नये. घरात शिरण्यापूर्वी साबणाने अंग धुवावे. कपडे वेगळे धुवावेत.

पाचवे, रिकामा डबा तीन वेळा खळबळून, ते पाणी पंपात ओतून, डबा फोडून वस्तीपासून व विहिरीपासून दूर पुरावा. त्याचा दुसरा काहीही उपयोग करू नये. भरलेला डबा कुलपात असावा. रागाच्या वा दुःखाच्या एका क्षणी हाताशी आलेल्या डब्याने किती घरे बुडाली, हे प्रत्येक उपदेशकास ठाऊक आहे.

सहावे, मालकासाठी. जो आपल्या सालगड्यास हातमोज्यांवाचून फवारणीस पाठवितो, त्याने अनुवादातील तो श्लोक पुन्हा वाचावा. "मी काही त्याला विष पाजले नाही," हे उत्तर तेथे चालत नाही. आणि "देव राखील" असे म्हणून स्वतः उघड्या अंगाने जाणे हा विश्वास नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याच्या मोहाला आपल्या प्रभूने काय उत्तर दिले ते आठवावे.

८. बाधा झाल्यास

रोग्याला शेतातून बाहेर मोकळ्या हवेत आणावे. भिजलेले कपडे काढून साबणपाण्याने अंग धुवावे. धुणाराने आपले हात जपावेत. बळे उलटी करवू नये, दूध-तूप पाजू नये. शुद्ध हरपली असल्यास कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि विषाचा डबा अथवा त्यावरील कागद बरोबर न्यावा. तो पाहून वैद्यांना ॲट्रोपिनासारखा योग्य उतारा लवकर देता येतो. घाटी रुग्णालय वा जवळचे सरकारी रुग्णालय गाठण्यापूर्वी मांत्रिकाकडे घालविलेली घटका परत मिळत नाही. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. कठडा न बांधणाऱ्यावर दोष का येतो?
२. विष शरीरात शिरण्याची तीन दारे कोणती? आपल्या गावी कोणते दार सर्वांत उघडे आहे?
३. गिलगाल येथील शिष्यांनी ओरड केली. फवारणीने डोके दुखते तेव्हा आपला मजूर बंधू ओरड का करीत नाही? त्याने करावी म्हणून आपण काय करू?
४. हातमोजे, बूट व मुखपट्टी ह्यांचा एक संच मंडळीच्या वर्गणीतून घेऊन गरजूंस वापरावयास देता येईल काय?

प्रार्थनेचे विषय : फवारणीस जाणारे सर्व मजूर, विषबाधेने कर्ता मनुष्य गमावलेली कुटुंबे, आणि जे ठाऊक झाले ते करण्याची आपल्याला मिळावयाची बुद्धी.

उपदेशकांनी हा पाठ हंगामाची पहिली फवारणी होण्यापूर्वीच्या रविवारी घ्यावा, आणि उपासनेनंतर निदान एका घरी जाऊन विषाचा डबा कोठे ठेवला आहे ते पाहावे.