खोल पाण्यातली भीड

झेनोबिया ही स्वीडनची रो-रो फेरी, म्हणजे माल भरलेले ट्रक चाकांवरच पोटात घेणारं जहाज. 1979 मध्ये बांधलेलं, कोरं करकरीत. माल्मोहून सीरियातल्या तार्तूसला जाताना पहिल्याच सफरीत ते डावीकडे कलायला लागलं, कारण तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत पाणी घेणारी संगणक यंत्रणा नको तिथे पाणी भरत राहिली. 7 जून 1980 च्या पहाटे सायप्रसमधल्या लार्नाकासमोर ते बुडालं. माणसं आधीच उतरवलेली असल्यामुळे कुणाचा जीव गेला नाही. शंभरावर ट्रक मात्र जहाजाबरोबर तळाला गेले. पुढे हे जहाज बघायला उतरलेल्या डायव्हरांपैकी काही जण त्याच्या आत अडकून गेले. तिथे जाण्याचा बेत आखणाऱ्या प्रत्येकाने या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात.

जहाज 172 मीटर लांब आहे. डाव्या कुशीवर पडलंय, तळ 42 मीटरवर आणि वर आलेली उजवी बाजू साधारण 16 मीटरवर. पाणी इतकं स्वच्छ की बोटीवरून उडी मारल्यावर थोडं खाली जाताच जहाजाचं धूड नजरेत येतं. नवशिक्याला वरच्या बाजूने फिरता येतं, अनुभवी माणूस तळाला जातो. दोघंही एकाच बोटीतून, एकाच दोराने उतरतात. धोका नेमका इथेच आहे. 18 मीटरवर असलेल्याला खाली 40 मीटरवरचे मित्र स्पष्ट दिसतात, आणि ते अंतर फार वाटत नाही.

आम्ही कॉलेजपासूनचे चौघं. मी दुबईत, एक मैत्रीण मस्कतला, एक मित्र लंडनला आणि एक नाशिकला. चौघांनाही डायव्हिंगचा नाद, चौघांकडेही खोल पाण्याची रीतसर प्रमाणपत्रं. लार्नाकाला भेटायचं हे कित्येक महिने घाटत होतं. नाशिककर रात्रभर प्रवास करून पहाटे पोचला आणि सकाळी थेट बोटीवर आला.

बोटीवर आम्ही आधी हिशेब मांडला. तो इथे सविस्तर देते, कारण 'सिलिंडरमध्ये 50 बार उरले की वर या' एवढंच बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. 40 मीटरवर तो पाचपट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला पाचपट हवा लागते. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला 2400 लिटर हवा मावते. शांत माणूस मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरलं, तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल आणि 40 मीटरवर 24 मिनिटांत संपेल. आता समजा तळाशी जोडीदाराची हवा संपली. घाबरलेली दोन माणसं एकाच सिलिंडरवर मिनिटाला 60 लिटर तरी ओढणार. सावरायला एक मिनिट, म्हणजे 300 लिटर. मिनिटाला 9 मीटरच्या वेगाने वर यायला साडेचार मिनिटं, सरासरी दाब तिप्पट, म्हणजे 810. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, आणखी 270. एकूण 1380 लिटर, म्हणजे 115 बार. अर्ध्याहून जास्त सिलिंडर जोडीदारासाठी राखून ठेवायचा. तळाला जायला आणि तिथे हिंडायला उरतात जेमतेम 85 बार. आम्ही ठरवलं की चौघांपैकी कुणाचाही काटा 120 ला आला की त्याने खूण करायची आणि सगळ्यांनी वर निघायचं.

नाशिककर माझा जोडीदार होता. दोराने उतरताना तो मास्कमधलं पाणी काढायला थांबला, मग परत थांबला. त्याचे बुडबुडे अखंड येत होते. मी हाताने 'ठीक आहे ना?' विचारलं, त्याने बोटांचं वर्तुळ करून 'ठीक' म्हटलं. खाली उतरलो तसा जहाजाचा डेक आमच्या शेजारी भिंतीसारखा उभा राहिला. साखळ्यांनी बांधलेले काही ट्रक अजून त्याला लटकलेले आहेत, बाकीचे तळाच्या वाळूत अस्ताव्यस्त पडलेत. लाल रंग या खोलीवर उरतच नाही. सगळं निळं-राखाडी, टॉर्चचा झोत पडेल तेवढ्याच तुकड्याला खरा रंग.

38 मीटरवर मी दोन बोटं तळहातावर टेकवून त्याला विचारलं, हवा किती? तो म्हणाला, 'ठीक'. पुन्हा विचारलं. पुन्हा वर्तुळ, आणि मग एका ट्रकच्या टायरकडे बोट, तिथे फार महत्त्वाचं काही असल्यासारखं. मी त्याचा गेज ओढून बघितला. 70 बार.

माझ्या पोटात गोळा आला. अंगठा वर करून निघायची खूण केली. त्याने मान हलवली आणि पुढे गेलेल्या दोघांकडे हात दाखवला, त्यांचं बघून होऊ दे, असा. मी माझा जादा रेग्युलेटर त्याच्या तोंडात दिला, त्याच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि टॉर्च हलवून बाकीच्यांना वळवलं. 25 मीटरच्या आसपास त्याचे डोळे बदलले. काय चाललंय ते त्याला तिथे कळलं आणि त्यासरशी तो घाबरला. जॅकेटमधली हवा वर येताना फुगतेच. ती वेळेवर सोडायची त्याला सुचेना, आणि शेवटच्या टप्प्यात आम्ही दोघं हवं त्यापेक्षा वेगाने वर खेचले गेलो. मनगटावरचे कॉम्प्युटर ओरडत होते. पाच मीटरवर बोटीखाली राखीव सिलिंडर टांगलेला होता. त्यावर आम्ही तीन मिनिटांच्या जागी कितीतरी जास्त वेळ थांबलो.

बोटीवर आल्यावर त्याने सगळं सांगितलं. झोप झाली नव्हती, मास्क पहिल्यापासून गळत होता, छाती भरून आल्यासारखी वाटत होती. मग दोरावरच परत का नाही फिरलास? "अगं, तुम्ही सगळे कुठून कुठून आलात. माझ्यापायी तुमची डायव्ह कशाला बुडवू?"

म्हणूनच भीड भिकेची बहीण म्हणतात. अनोळखी लोकांच्या गटात तो दोरावरूनच परत फिरला असता, याबद्दल मला शंका नाही. जुन्या मित्रांबरोबर पाण्यात उतरणं जास्त सुरक्षित असतं असं आपण धरून चालतो. माझं मत उलटं झालंय. मित्रांमध्ये चेष्टा होईल ही धास्ती असते, दुसऱ्याचा विरस करायचा नसतो, आणि 'तो सांगेलच की' असा विश्वास प्रत्येकालाच असतो. म्हणून आमच्या गटात आता नियम आहे. कुणीही, कधीही, कारण न देता डायव्ह थांबवू शकतो. पाण्यात नाही आणि वर आल्यावरही नाही, 'का?' हा प्रश्न त्याला त्या दिवशी कुणी विचारायचा नाही. हे निघण्यापूर्वी एकाने मोठ्याने बोलायचं, आणि बाकीच्यांनी 'हो' म्हणायचं. गटातल्या सर्वांत अनुभवी माणसाने बोललं तर उत्तम, कारण नवख्याला तेव्हाच ते खरं वाटतं.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. साधारण 30 मीटरनंतर दाबाखालचा नायट्रोजन मेंदूवर भुलीच्या औषधासारखा परिणाम करायला लागतो. कुणाला मजा वाटते, कुणाला उगाच भीती, पण बहुतेकांना काही होतंय हेच कळत नाही. वर आलं की भूल उतरते, दुसरा उपाय नाही. अशा माणसाला 'ठीक?' विचारलं तर तो 'ठीक'च म्हणणार, ती खूण हाताला सवयीने येते. त्याला आकडा विचारा. गेज वाचून बोटांनी आकडा दाखवायला डोकं जागं लागतं. आकडा आला नाही किंवा चुकीचा आला, तर हवा कितीही असो, वर निघा. नायट्रॉक्स, म्हणजे जादा प्राणवायू मिसळलेली हवा, घेतला म्हणजे भूल चढत नाही ही समजूतही सोडून द्या. 32 टक्क्यांच्या मिश्रणाने तळाशी वेळ वाढतो, पण 34 मीटरखाली त्यातला प्राणवायूच विषारी ठरू शकतो. झेनोबियाचा तळ त्याहून खोल आहे.

लंडनकराला दुपारी जहाजाच्या आत शिरायचं होतं. मस्कतच्या मैत्रिणीने साफ नकार दिला, आणि नव्या नियमाचा पहिला वापर तिने केला असं म्हणायला हरकत नाही. कुशीवर पडलेल्या जहाजात दारं पायाखाली आणि डोक्यावर येतात, जिने आडवे होतात. वर पाहिल्यावर उजेड दिसेलच याची खात्री नाही. फिनचा एक फटका खाली बसला की इतक्या वर्षांचा गाळ उठतो आणि क्षणात स्वतःचा हातही दिसत नाही. आत जायचं तर त्याचं वेगळं प्रशिक्षण हवं, बाहेरच्या भक्कम जागेला बांधलेली रिळाची दोरी हातात हवी, टॉर्च एकाहून अधिक हवेत, आणि एक तृतीयांश हवा संपताच परत फिरायला हवं. करमणुकीच्या डायव्हिंगमध्ये पृष्ठभागापासूनची खोली आणि आत शिरलेलं अंतर मिळून 40 मीटर ही मर्यादा शिकवतात. म्हणजे 25 मीटरवर दार असेल तर आत 15. गाईड 'चला, मी आहे' म्हणाला तरी हे गणित तसंच राहतं. ते दोघं दुपारी 18 मीटरवर बाहेरूनच हिंडले. मोठमोठे गोब्रा मासे पाहून आले आणि खूष होते. मी नाशिककराजवळ बोटीवर थांबले.

संध्याकाळी जेवताना आमच्या लक्षात आलं की नाशिककर डावा हात वापरत नाहीये. विचारलं तर म्हणाला, सिलिंडर उचलताना कोपर लचकलं. खरं तर ते दुपारपासून दुखत होतं, आतल्या आत ठणकत होतं, आणि बोटांना मुंग्या होत्या. सकाळी एकदा सगळ्यांना त्रास दिला, आता पुन्हा कशाला, म्हणून तो गप्प होता. दुसऱ्या दिवशीचं विमान होतं, तेही त्याला चुकवायचं नव्हतं.

खोल डायव्हनंतर 24 तासांत सांधा दुखणं, मुंग्या, बधिरपणा, अंगावर चट्टे, विलक्षण थकवा, चक्कर, लघवीला त्रास, यातलं काहीही झालं तर वेगळं सिद्ध होईपर्यंत ते डीकम्प्रेशनचंच समजायचं. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे झालेले असतात. चोळू नका, गरम पाण्याचा शेक नको, वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नका. शंभर टक्के ऑक्सिजन आणि डायव्हिंग समजणारा डॉक्टर, हे दोनच उपाय. आम्ही लगेच फोन लावला, ऑक्सिजन सुरू झाला, रात्रीच त्याला प्रेशर चेंबरमध्ये घेतलं. ठरलेला उपचार साधारण पावणेपाच तासांचा असतो. पहाटे तो बाहेर आला तेव्हा बोटं मोकळी झाली होती. त्याचं विमान डॉक्टरांनी पुढे ढकलायला लावलं. काहीही त्रास नसतानाही एका डायव्हनंतर 12 तास आणि एकाहून अधिक झाल्यास 18 तास विमानात बसू नये. परतीचं तिकीट काढतानाच ते धरा, म्हणजे मोह होत नाही.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण आपल्या किनाऱ्यावर आहे. मी स्वतः तारकर्लीला शिकले. मालवणला दर मोसमात असंख्य लोक पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतात. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्याच्या पर्यटन महामंडळाने हाती घेतला. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण प्रशिक्षकाने हात धरून उथळ पाण्यात फिरवून आणलेली डायव्ह म्हणजे जहाजावर उतरण्याची तयारी नव्हे. आधी 18 मीटरचा ओपन वॉटर कोर्स, मग 30 मीटरचा, मग 40 मीटरचा, आणि मधे भरपूर साध्या डायव्ह, असाच हा रस्ता आहे. मुलंमुली मित्रांच्या टोळक्याने जाणार असतील तर प्रत्येकाचं प्रमाणपत्र किती खोलीपर्यंतचं आहे ते पालकांनी बघावं.

विमा वेगळा काढा. प्रवास विम्यात खोल डायव्हिंग धरलेलं नसतं, किंवा ठरावीक मीटरपर्यंतच धरलेलं असतं, आणि चेंबरचा खर्च परदेशात घाम फोडणारा असतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची आणीबाणीची फोनलाइन आहे, तो नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. जवळचा चेंबर कुठे आणि रात्री चालू असतो का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. आणि बोट निघण्यापूर्वी ऑक्सिजनचा सिलिंडर तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. दाखवायला टाळाटाळ झाली तर भरलेले पैसे गेले तरी चालतील, पण त्या बोटीवर चढू नका.