पाय लाल, गरम, ठणकतोय? धावरं अंगावर काढू नका



सतत ओल्यात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कधी माशाचा काटा, कधी गळ टोचतो. "एवढंसं तर आहे" म्हणून आपण सोडून देतो. पण त्याच फटीतून जंतू कातडीखाली शिरतात. मग बहुतेक वेळा एकच पाय लाल होतो, सुजतो, गरम लागतो, ठणकतो आणि थंडी वाजून ताप येतो. जुनी माणसं याला धावरं म्हणतात, डॉक्टर एरिसिपेलास किंवा सेल्युलायटिस.

काय करावं?

१. बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. लाली रेघेबाहेर गेली की नाही, हे डॉक्टरांनाही कळतं.

२. लागलं ते खाऱ्या पाण्यात की गोड्या, हे आवर्जून सांगा. अमरगोळच्या आसपास तळ्यात जाळं टाकणारा आणि कारवारला समुद्रावर जाणारा, दोघांच्या जखमेतले जंतू वेगळे असू शकतात. त्यावर औषधही बदलतं.

३. अँटिबायोटिक सांगितले तितके दिवस पूर्ण घ्या. औषध सुरू केल्यावर पहिला एक-दोन दिवस लाली थोडी वाढू शकते. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडू नका.

४. झोपताना पाय उशीवर उंच ठेवा. सूज लवकर उतरते.

५. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तेही सांगा.

काय करू नये?

तेल चोळणं, गरम शेक, हळद-चुन्याचा लेप, घरात उरलेल्या गोळ्या किंवा खाजेचं मलम.

थांबूच नका!

कातडी काळी-जांभळी पडली, फोड आले, दिसतंय त्यापेक्षा दुखणं फार जास्त आहे किंवा माणूस बरळायला लागला, तर तासही घालवू नका. १०८ ला फोन करा. अमरगोळकरांना हुबळीत विद्यानगरचं, पूर्वी किम्स नावाचं, सरकारी रुग्णालय जवळ आहे. साखरेचा किंवा लिव्हरचा आजार असेल, रोजची दारू असेल, तर धोका जास्त. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू अशा माणसाचा एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतात.

धावरं एकदा झालं की पुन्हा होऊ शकतं. वारंवार झालं तर पायाची सूज कायमची राहू शकते. म्हणून कामावरून आल्यावर पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा आणि चिखल्यांवर वेळीच औषध लावा. मासळी निवडताना, जाळी धुताना गमबूट घाला.

बोटीवरच्या खलाशांना आणि मासळी निवडणाऱ्या बायकांनाही हे वाचून दाखवा.