सागाचे पान आणि धानाचे मूळ

सिंदेवाहीच्या परिसरात सागाचे जंगल आणि धानाच्या बांध्या अगदी शेजारी शेजारी आढळतात. सडलेल्या पानांवरून आलेले तांबूस पाणी पावसाळ्याच्या सुरुवातीला खालच्या बांधीत उतरते. अशा बांधीत पऱ्हे टाकावेत का?

एका वनस्पतीतून निघालेली द्रव्ये दुसरीच्या वाढीवर परिणाम करतात. या घटनेला हान्स मोलिश या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ साली ‘ॲलेलोपॅथी’ हे नाव दिले. सागाच्या पानांत फिनॉल वर्गातील अशी संयुगे असतात. (धानही काही साळसूद नाही, त्याची मुळे मोमिलॅक्टोन नावाचे द्रव्य सोडतात आणि शेजारच्या तणाला आवरतात.)

बी भिजले की अंकुरातून जिबरेलीन हे संप्रेरक निघते. त्याच्या इशाऱ्याने दाण्याच्या कडेच्या पेशी अमायलेज हे विकर तयार करतात. हे विकर पिष्टाची साखर करते व त्या साखरेवर मूळ वाढते. विकर कमी पडले, तर कोठार भरलेले असूनही अंकुर उपाशीच!

हे तुम्हीच तपासून पाहा. सागाच्या वाळक्या पानांचा १० ग्रॅम चुरा १०० मिलिलिटर पाण्यात एक दिवस भिजवून गाळा. तीन बशांत टिपकागद घाला. एकीत हा अर्क, दुसरीत चौपट पातळ केलेला अर्क, तिसरीत नुसते पाणी. प्रत्येकीत धानाचे ३० दाणे ठेवा. पाचव्या दिवशी मुळे मोजा.

मग प्रत्येक बशीतले दहा दाणे स्वच्छ धुऊन थोड्या पाण्यात वाटा, गाळा व वरची निवळ घ्या. ती उकळून थंड केलेल्या पातळ खळीत मिसळा. दर दोन मिनिटांनी त्यातला एक थेंब आयोडीनच्या थेंबावर टाका. निळा रंग येणे थांबायला किती वेळ लागला, ते लिहा. जास्त वेळ म्हणजे विकर कमी. निवळ आधी उकळली तर रंग जाणारच नाही, कारण उष्णतेने विकर निकामी होते.

निष्कर्षाची मात्र घाई नको. कोणतेही दाट द्रावण, मग ते मिठाचे का असेना, बियाला पुरेसे पाणी घेऊ देत नाही. म्हणून पातळ अर्काच्या बशीतील मुळांकडे अधिक लक्ष द्या. शिवाय शेतात मातीचे कण ही द्रव्ये धरून ठेवतात, सूक्ष्मजीव त्यांचे विघटन करतात. सागाखाली पीक खुरटले तर सावलीही कारण असू शकते.

तेव्हा पुढचा प्रयोग बांधीतल्या मातीचा. दोन कुंड्या एकाच उन्हात ठेवा. एकीला अर्क घाला, दुसरीला पाणी.