जुना ट्रॅक्टर घेण्यापूर्वी

मृगाच्या तोंडावर जुना ट्रॅक्टर घाईने घेतला जातो आणि त्याचे दोष पहिल्याच चिखलणीत उघड होतात. भातशेतीत राबलेल्या यंत्राचे मागील ऑइल सील झिजले असल्यास गढूळ पाणी आत शिरून बेअरिंग व ब्रेक निकामी होतात. नवा रंग हे सारे झाकतो. म्हणून गिअर बॉक्समधील थोडे तेल काढून पाहावे; ते दुधाळ असल्यास त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे.

विक्रेता पुष्कळदा इंजिन आधीच तापवून ठेवतो. तेव्हा सकाळी, न कळविता जाणे इष्ट. थंड इंजिन सुरू केल्यावर निळसर धूर थांबेनाच, तर तेल जळत आहे; पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजले असण्याचा संभव असतो. त्या दुरुस्तीत सारी स्वस्ताई संपते. तासमापकाच्या आकड्यावर विसंबू नये, तो बदलता येतो. क्लचच्या पॅडलची झीज अधिक खरे सांगते.

नोंदणी पुस्तकात बँकेचा बोजा असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५ मागावा. बेळगावकडील ट्रॅक्टर गोव्यात आणावयाचा असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.